यानाचा रंग आणि महालक्ष्म्यांची तोंडं

आमच्याकडे कुणी पाहुणा येणार असला, की मी आधी मागच्या खोलीचं दार ओढून घेतो. त्या खोलीत माझी यानं आहेत. अवकाशयानं. प्लास्टिकची, काही वीतभर, काही हातभर लांब, मी स्वतः जोडलेली आणि रंगवलेली. वय पन्नाशीच्या पुढे, परभणीत कचेरीत लिपिकाची नोकरी, डोक्यावर मोजके केस, आणि आतल्या खोलीत मात्र हे विमानतळ! कुणी विचारलंच तर बायको ‘ह्यांचं सामान आहे तिथं’ एवढंच सांगते. लाज तिलाही वाटते, पण माझ्याइतकी नाही.

किटचं पार्सल मी कचेरीच्या पत्त्यावर मागवतो. शिपाई खोका कानाशी धरून हलवतो, आत खुळखुळ वाजतं, आणि काय आहे म्हणून विचारलं की मी ‘पंपाचे पार्ट’ म्हणून सांगतो. आमच्या कचेरीतल्या लोकांच्या मते माझ्या घरचा पंप सारखा बिघडत असतो. एकदा पिंगळीच्या स्टेशनाबाहेर मी रुमालात मुरूम भरून घेत होतो, चाळून त्याची बारीक भुकटी एका यानाच्या पायांना लावायची होती, आणि नेमके आमचे मोठे साहेब गाडीतून उतरले. ‘काय हो, हे काय?’ मी म्हणालो, ‘कुंडीसाठी.’ साहेब गेले. मी मुरमाची पुरचुंडी हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि परतीच्या गाडीत कुणाकडे बघायची सोय उरली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. किट म्हणजे खोक्यात एका चौकटीला चिकटलेले शेकडो भाग येतात. ते निप्परनं, म्हणजे बारीक पकडीनं, कापायचे, कापल्याच्या खुणा पाणकागदानं घासायच्या, जोडायचे, सांध्यांत पुट्टी भरायची आणि पुन्हा घासायचं. एवढं कुणालाही जमतं. खरी गंमत पुढे असते. खोक्यावरच्या चित्रासारखं यान करायचं नाही, आपलं वेगळं करायचं, हा आमचा हट्ट. मग दाढीच्या रेझरचं डोकं इंजिनाच्या जाळीत बसतं, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले फुगे खिडक्या होतात आणि पेनातली स्प्रिंग नळीभोवती गुंडाळली जाते. आमच्या घरात काही फेकायचं झालं की बायको आधी माझ्याकडे बघते. त्यावर प्रायमर मारला की सगळं एकजीव दिसतं. प्रायमर मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून आणतो, आणि तिथेही ‘स्कूटरला लावायचाय’ असं सांगतो.

आणि सगळ्यांत शेवटी त्याला जुनं करायचं. कारण नवं कोरं, चकचकीत यान खेळण्यासारखं दिसतं. म्हणून चंदेरी रंगावर पाणी शिंपडून जाडं मीठ टाकायचं, वरून दुसरा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ घासून काढायचं, म्हणजे रंगाचे पोपडे उडाल्यासारखं दिसतं. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला करडा-तपकिरी रंग खाचांत सोडायचा, तो आपोआप कोपऱ्यात जाऊन बसतो आणि सावली तयार होते. मग कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंगानं उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. आणि सरतेशेवटी मॅट वॉर्निश, म्हणजे चमक मारणारं. चमकेचा मला मनापासून तिटकारा आहे. चमकलं की लोक ‘खेळणं’ म्हणतात, आणि तो शब्द मला झोंबतो.

ह्या कामानं माझे डोळे बिघडले आहेत. म्हणजे दिसतं उत्तम, पण नको ते दिसतं. एसटीच्या दाराचा दांडा कुठे झिजलाय, साहेबांच्या खुर्चीचा हात कुठे काळवंडलाय, नळाच्या तोटीवर कुठल्या बोटानं डाग पडलाय, हे मी बघत बसतो. कुठे हात लागतो, कुठे ताप लागतो, कुठे पाणी साचतं. वस्तू कशामुळे दमली ते मला एका नजरेत कळतं. वस्तूपुरतं ते ठीक होतं.

माझं सगळं घराणं बोरीचं. दादा तिथं शेती बघतो आणि घर वहिनी बघतात. मी शाळेत असताना त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या. आई गेल्यापासून घरच्या महालक्ष्म्या त्याच बसवतात. भाद्रपदात ह्या दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी, माहेरी आल्यासारख्या घरी येतात आणि तीन दिवस राहतात. धान्यानं भरलेल्या कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे, पुढे आरास मांडायची. पहिल्या संध्याकाळी आगमन, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचं जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. आमच्या भागात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. परगावची नोकरदार माणसं एकवेळ दिवाळीला येणार नाहीत, पण महालक्ष्म्यांना गाडीच्या टपावर बसून येतील.

माझी यानं नीट बघितलेलं घरातलं एकच माणूस म्हणजे वहिनी. डोळे तपासायला परभणीला आल्या होत्या तेव्हा दार उघडं राहिलं होतं. मी घाईनं ओढायला गेलो, तर त्या आत जाऊन उभ्याच होत्या. हसल्या नाहीत. एका यानाजवळ वाकून म्हणाल्या, ‘ह्याचं दार लय येळा उघडलेलं दिसायलंय, भावजी.’ मी त्या दाराच्या कडेवर आठवडाभर काम केलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस जगलो.

गेल्या श्रावणात बोरीला गेलो तेव्हा त्यांनी मुखवटे काढून दाखवले. मातीचे, आईच्या वेळचे. रंगाचे पापुद्रे निघालेले, थोरलीच्या नाकाचा शेंडा उडालेला, धाकटीच्या गालाला तडा. आणि नेमकी त्याच वर्षी घरात नवी सून आलेली. सुनेच्या पहिल्या महालक्ष्म्या. विहीणबाई देवगाव फाट्याहून दर्शनाला यायच्या होत्या आणि सगळ्या आळीला हळदीकुंकवाचं आवतण जायचं होतं. वहिनींची एकच इच्छा होती, की त्या दिवशी व्याह्यांसमोर नि गावासमोर आपल्या लक्ष्म्या देखण्या बसाव्यात. दुसरं त्यांनी कधी काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

दादा म्हणाला, ‘नवे आणू की. बाजारात रग्गड मिळतेत.’

‘सासूबाईंनी बसवलेल्या हायत ह्या. तोंडं कशी बदलायची?’ वहिनी म्हणाल्या. ‘आपले भावजी रंगवतील.’

‘ह्यानं?’ दादा हसला. ‘खेळण्याला रंग मारीत बसतंय ते, त्याला देवाचं काय कळायलंय?’

‘खेळनी न्हाईत ती. मी बघितलीत.’

मग त्या उंबऱ्यात बसल्या, मुखवटे मांडीवर घेतले आणि एकेक गोष्ट बोट लावून सांगितली. थोरलीचं नाक जरा बसकं आहे ते तसंच ठेवा. धाकटी हसरी आहे, तिचे ओठ बिघडवू नका. डोळे ठसठशीत करा. ‘अन् तोंडावर तजेला येऊ द्या बघा, भावजी. लय वर्षं झाली, लक्ष्म्या फिक्या पडल्यात.’ दारातून आलेलं दुपारचं ऊन त्यांच्या तोंडावर एका बाजूनं पडलं होतं. मी मान डोलावत होतो. मला वाटत होतं, मी मुखवटेच बघतोय.

परभणीला आल्यावर मी दोन्ही मुखवटे माझ्या टेबलावर मांडले आणि पहिल्यांदाच मागच्या खोलीचं दार उघडं ठेवून काम केलं. शेजारी डोकावले तर अभिमानानं सांगितलं, घरच्या महालक्ष्म्या आहेत, मलाच करायला सांगितल्यात. जुना सुटा रंग अलगद काढला. पुट्टीनं नाकाचा शेंडा भरला, गालाचा तडा असा बुजवला की नखाला लागू नये. प्रायमर, मग कातडीचा रंग, पातळ हातानं, थरावर थर. डोळ्यांच्या बाहुल्या मी श्वास रोखून काढल्या. तिथं थांबलो असतो आणि वर छान चकचकीत वॉर्निश मारलं असतं, तर आज हे लिहायला बसलो नसतो. बोरीत अजून माझं कौतुक चाललं असतं.

पण मला ते खेळण्यासारखे दिसायला लागले. गुळगुळीत, नवे, बाजारातून आणल्यासारखे. ह्यांच्यात जीव नाही, असं माझं मत पडलं. आणि जीव आणायची माझी रीत एकच. पातळ तपकिरी रंग डोळ्यांच्या कडांत सोडला, नाकपुड्यांपासून ओठांच्या टोकांपर्यंत अगदी पुसट ओघळू दिला. डोळ्यांखाली बोटानं हलकेच दाबून पसरवला. गालाच्या हाडावर कोरडा कुंचला फिरवला. थोरली खरोखरच बघायला लागली, इतकी की मी खुर्चीत मागे टेकून तिच्याकडे बघत राहिलो. ओळखीची वाटत होती. मला वाटलं, लहानपणापासून बघतोय म्हणून. मग दोघींवर मॅट वॉर्निश मारलं. तजेला हा शब्द माझ्या कानांनी ऐकला होता, पण माझ्या हातांना तो माहीतच नव्हता.

वॉर्निश वाळायला वेळ लागला, म्हणून आगमनाच्या दिवशी मी बोरीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात रांगोळी, कुंकवाची पावलं, आत बायकांची गडबड. मुहूर्त टळायला आला होता. वहिनींनी मुखवट्यांवरचं कापड सोडवलं, निरांजनाच्या उजेडात दोन्ही तोंडांवर घाईची नजर टाकली आणि माझ्याकडे बघून हसल्या. मग सून आणि त्या एकेक मुखवटा घेऊन पावलांवरून आत आल्या. थाळी वाजली. कोठ्यांवर मुखवटे बसले, साड्या-दागिने झाले, आवाहन झालं, अक्षता पडल्या. आणि पुतण्यानं आरास उजळायचं बटण दाबलं.

त्यानं हौसेनं पांढरे दिवे खाली जमिनीशी लावले होते, तोंड वर करून. मी सावल्या काढल्या त्या उजेड वरून येतो असं धरून. आता खालून आलेल्या लख्ख उजेडात माझी एकेक रेघ उघडी पडली. डोळ्यांखालचे खड्डे, नाकाकडून उतरलेल्या सुरकुत्या, ओढलेले गाल. भरजरी साड्या, कपाळभर कुंकू, नथी, फुलांचे हार, आणि त्यांच्या मधोमध दोन थकलेल्या बायका. अंगावर चमक होती, ती फक्त दागिन्यांची.

आळीतल्या बायका आल्या, हात जोडले आणि गप्प झाल्या. आरास बघायला आलेल्या बायका गप्प होत नसतात. मग कुजबूज सुरू झाली. ‘तेजच न्हाई ओ यंदा.’ ‘आजारल्यावानी दिसायल्यात बाई.’ मी ओसरीवर पुरुषांत बसलो होतो आणि मधला दरवाजा सताड उघडा होता. सून पदराचं टोक पिळत उभी होती. तिची आई, विहीणबाई, भली बाई. तिला वाईट बोलायचं नव्हतं, काहीतरी चांगलं बोलून वेळ मारून न्यायची होती. ती दोन्ही तोंडं निरखत म्हणाली, ‘छान हायत की. अन् थोरली तर बघा, हुबेहूब आमच्या विहीणबाईवानी दिसायलीय.’

सगळ्या बायकांनी एकदम वहिनींकडे बघितलं. मीही बघितलं. पहाटेपासून उभ्या होत्या त्या. करंज्या तळून, लाडू वळून झालेले, उद्याची सोळा भाज्यांची तयारी करून झालेली, हातात हळदीकुंकवाचं ताट. त्याच उजेडात त्यांचं तोंड आणि थोरलीचं तोंड शेजारी शेजारी होतं. डोळ्यांखालचं ते सगळं, रेघ न् रेघ, मी त्यांच्याच तोंडावरून उचललं होतं. उंबऱ्यातल्या त्या दुपारी माझे डोळे आपलं काम करत होते आणि मला पत्ता नव्हता.

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. वहिनीही हसल्या, पण ताट त्यांनी खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं, जोरात, जणू त्याला काही लागलं असावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायका गेल्यावर दादा माझ्यावर धावून आला. ‘विमानाचा रंग देवाला मारलास व्हय रं? माणसांतनं उठवलंस आमाला.’ मी म्हणालो, रंग माझ्या पिशवीत आहेत, आत्ता काढून देतो, घटकाभराचं काम आहे, चकचकीत करून देतो. मी उठलोसुद्धा. वहिनी म्हणाल्या, ‘न्हाई भावजी. बसलेल्या लक्ष्म्या हलवत न्हाईत.’ आवाहन झालं की निरोपापर्यंत मुखवट्याला हात लावायचा नसतो. हे मलाही माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. यानाचं काही चुकलं तर घासून काढून पुन्हा रंगवता येतं, त्या सवयीनं मी बोललो होतो.

जरा वेळानं मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. वहिनी सुपात पुरणाची डाळ निवडत एकट्याच बसल्या होत्या. मी पाठ वळवून निसटणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

‘भावजी, एक इचारू? खरं सांगा.’

‘विचारा.’

‘रंग चुकलाय, का बरोबर बसलाय?’

त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. घरात आरसा आहे, पण त्यात त्या कुंकू लावण्यापुरत्या बघतात. माझ्या दाराच्या कडेवरची झीज ओळखणाऱ्या बाईनं मला प्रश्न विचारला होता, आणि तो समजायला मला वेळ लागला नाही. रंग अगदी बरोबर बसला होता. इतका बरोबर मी आजवर कुठल्याही यानावर बसवला नव्हता. तेव्हा तरी मी जमिनीवर त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. विचारायला हवं होतं, की वहिनी, कशानं हो एवढं झालं, कधीपासून झालं, दुखतं का काही, झोप लागते का. दमलेल्या वस्तूबद्दल मला कितीतरी विचारता येतं.

‘चुकला,’ मी म्हणालो. ‘हात चुकला, वहिनी.’

त्या मग ‘बरं’ म्हणाल्या आणि डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. मी आत निघून आलो.

दुसऱ्या दिवशी महानैवेद्य झाला. ताटं मांडली, आरती झाली, आणि लक्ष्म्यांना निवांत जेवता यावं म्हणून वहिनींनी त्यांच्यापुढे पडदा ओढला. आमच्या घरची रीत अशी, की आधी लक्ष्म्या, मग सवाष्णी, मग पाहुणे आणि घरचे पुरुष, मग लेकीबाळी. स्वयंपाक करणारीनं तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. वहिनी शेवटी जेवतात, दिवस कलल्यावर, उरलेलं गार. मी हे इतकी वर्षं बघत आलो होतो. त्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मुखवट्यावर तर मी ते आधीच काढून ठेवलं होतं.

पुरुषांची पंगत मांडली गेली. मनात म्हटलं, आज बसायचं नाही. आज वाढायला घ्यायचं, निदान पाण्याचा तांब्या तरी हातात घ्यायचा आणि वहिनींना म्हणायचं, तुम्ही बसा. मी दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेलोही. दादानं हाक मारली, ‘ये की, पाट मांडलाय तुझा.’ कालचा राग त्याच्या मनात राहिला नव्हता. पाहुणे सरकून जागा करत होते. आता बायकांत जाऊन तांब्या उचलला तर लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं. मुरमाची पुरचुंडी घेऊन उभं असताना जे मनात आलं होतं, अगदी तेच. मी बसलो.

वहिनी पोळ्यांचं ताट घेऊन ओळीनं वाढत आल्या. माझ्यापाशी वाकल्या तेव्हा दारातला उजेड त्यांच्या तोंडावर पडला. मी मान खाली घालायच्या आधी माझ्या डोळ्यांनी आपलं काम उरकून घेतलं. डाव्या डोळ्याखालचा खड्डा मी काढला होता त्याहून खोल होता.

‘तूप सोडू का, भावजी?’

‘सोडा,’ मी म्हणालो. त्यांनी सोडलं. मग मी आणखी एक पोळी मागून घेतली.